गुलाबाच्या बुंध्यावरची गाठ: घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं प्रकरण

घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या अलीकडे, चार विंगांची एक सोसायटी. मधे पोडियम आणि पोडियमवर बाग. ए विंगसमोरच्या वाफ्यात कलमी गुलाबांची एक रांग आहे, बी विंगसमोर दर पावसाळ्यात शेवंतीच्या कुंड्या भरतात आणि मागच्या कुंपणाला लागून पालापाचोळ्याचे दोन खताचे खड्डे आहेत. या तीन जागा लक्षात ठेवा, प्रकरण तेवढ्यातच घडतं.

गुलाब जवळच्याच एका नर्सरीतून आले होते. डोळा भरलेली रोपं, म्हणजे एका झाडाच्या खुंटावर दुसऱ्या गुलाबाचा डोळा बसवलेली, लाल मातीच्या पिशवीत. पहिल्या वर्षी भरभरून फुलले. दिवाळीच्या आसपास छाटणी झाली आणि जानेवारीत माळीदादांना चार झाडांच्या बुंध्याशी, खुंट आणि कलम जिथे जुळतात तिथे, पांढुरक्या मऊ गाठी दिसल्या. त्यांनी त्या कोयत्याने तासल्या आणि खताच्या खड्ड्यात टाकल्या. यात त्यांचं काहीच चुकलं नाही. झाडाचा कचरा खड्ड्यात जावा असा सोसायटीचाच नियम आहे. त्या पावसाळ्यात खड्ड्यातलं खत निघालं आणि शेवंतीच्या कुंड्यांत गेलं. पुढच्या जानेवारीत गुलाबांच्या गाठी परत आल्या होत्या, या वेळी जास्त झाडांवर, काही तर आवळ्याएवढ्या. आणि बी विंगच्या काकूंनी तक्रार केली की शेवंतीच्या दोन-तीन कुंड्यांत देठाला मातीलगत फोड आलेत. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. त्यामुळे गाठी आलेल्या गुलाबांची एक आणि शेवंतीची एक, अशा दोन बादल्या माझ्या दारात आल्या.

पहिला संशय सूत्रकृमींचा होता. आपल्याकडे मुळावर गाठ दिसली की माळी, नर्सरीवाला, कृषी सेवा केंद्रवाला, सगळे आधी हेच म्हणतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतात. पण सूत्रकृमीची गाठ बारीक मुळ्यांवर येते, मण्यांसारखी ओळीने, आणि मुळीच तिथे फुगलेली असते. ब्लेडने चिरून भिंगाखाली धरली तर आत मोत्यासारखी पांढरी मादी दिसते. इथे बारीक मुळ्या स्वच्छ होत्या. गाठ बुंध्याला होती, एका अंगाने बाहेर आलेली, पृष्ठभाग ओबडधोबड. कोवळी होती ती चिरताना ब्लेड लोण्यात जावं तसं गेलं. जुनी होती ती तपकिरी, भेगाळलेली, आतून लाकडासारखी कडक. मादी नाही, अळी नाही, बुरशीचे धागेही नाहीत. पेशी मात्र वेड्यावाकड्या, कुठलीही शिस्त नसलेल्या. डोळा भरताना जखम भरून येते तिथेही थोडा फुगवटा राहतो, पण तो एका मर्यादेत थांबतो. ही थांबायला तयार नव्हती.

म्हणजे क्राउन गॉल. जिवाणू अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. अमेरिकेत स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ साली डेझीच्या झाडावरच्या गाठींतून तो वेगळा काढून दाखवला. तेव्हापासून पाठ्यपुस्तकात तो रोगजंतू म्हणून बसलेला आहे. माझ्या मते सोसायटीच्या गोंधळाचं मूळ या शब्दातच होतं, कारण कमिटीने त्यावरून सरळ हिशेब केला: जंतू आहे, तर जंतू मारा.

मॅनेजिंग कमिटीच्या बैठकीत दोन प्रस्ताव आले. एक, डाळिंबवाले वापरायचे ते स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक आणून फवारायचं, सोबत मोरचुदाचं बोर्डो. दुसरा, पोडियमवरची सगळी माती उपसून नवी लाल माती भरायची. त्यासाठी एका कंत्राटदाराचं कोटेशनही आलं होतं आणि ते बघून खजिनदारांचा चेहरा पडला होता. सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त मातीत जंतू आहे की नाही तेवढं तपासून द्या. असेल तर माती बदलू, नसेल तर नाही." प्रश्न साधा, सरळ आणि चुकीचा होता. उत्तर 'आहे' असंच येणार, हे तपासण्याआधी सांगता येत होतं. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जगभरच्या मातीत असतो आणि त्यातला बहुतांश हिस्सा कुणाच्याही अध्यात ना मध्यात. पण हे तोंडी सांगून कमिटीला पटत नसतं. पटतं ते गाजर.

गाजराची चाचणी जुनी, स्वस्त आणि कुठल्याही कॉलेजात होण्यासारखी आहे. गाजर ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवायचं, निर्जंतुक पाण्याने धुवायचं आणि साधारण सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या करायच्या. पेट्री डिशमध्ये ओला फिल्टर पेपर, त्यावर चकती. चकतीवर संशयित द्रवाचा थेंब. काही चकत्यांवर नुसतं निर्जंतुक पाणी, ताडून पाहण्यासाठी. मग अंधारात पंचवीस अंशांच्या आसपास ठेवायचं. ठाण्यात हे बाहेर जमत नाही, बीओडी इन्क्युबेटर, म्हणजे तापमान हवं तिथे धरून ठेवणारं कपाट, लागतो. माझ्या जुन्या विभागाने तो आनंदाने दिला, कारण एम.एस्सी.च्या मुलांना प्रकल्प हवाच होता. काही चकत्या सडतात, उग्र वास येतो, त्या टाकून द्यायच्या. उरलेल्यांवर तीन आठवड्यांच्या सुमारास निकाल दिसतो. गाजराच्या मधल्या गाभ्याभोवती जो गोल पट्टा असतो, तोच विभाजन करणाऱ्या पेशींचा थर. बरोबर त्या वर्तुळावर मोहरीएवढे पांढरे उंचवटे येतात. पाण्याच्या चकत्या सपाट.

गुलाबाच्या गाठीचा द्रव: उंचवटे. शेवंतीच्या फोडाचा द्रव: उंचवटे. खताच्या खड्ड्यातला गाळ पाण्यात ढवळून गाळलेला: तिथेही उंचवटे, कमी पण स्पष्ट.

इथवर कमिटीच्या बाजूचा निकाल झाला. पुढचा भाग त्यांना अपेक्षित नव्हता.

गाठीचे तुकडे निर्जंतुक पाण्यात भिजवून तो द्रव मुलांनी यीस्ट-मॅनिटॉल आगर या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर पसरला. पांढरट, चकचकीत, ओलसर वसाहती आल्या. त्यातल्या निवडक वसाहतींची कीटोलॅक्टोज चाचणी केली. लॅक्टोज घातलेल्या आगरवर जिवाणू वाढवायचा आणि वरून बेनेडिक्टचा निळा द्रव ओतायचा. हा तोच द्रव, ज्याने बारावीच्या प्रात्यक्षिकात साखर तपासतात. तासाभरात वसाहतीभोवती पिवळं कडं उमटलं तर तो अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा एक ठरावीक गट समजायचा. पिवळी कडी भरपूर उमटली. मग याच पिवळ्या कड्याच्या वसाहती एकेक करून नव्या गाजरांवर लावल्या. काहींनी गाठी केल्या, बऱ्याचशांनी केल्याच नाहीत. रंग तोच, चकाकी तीच, कडं तेच, एकाच गाठीतून निघालेले, आणि एक गाठ करतो तर दुसरा नुसता बसून राहतो.

नर्सरीतून आणलेल्या लाल मातीची एक न उघडलेली पिशवीही तपासली. तिच्यातही पिवळ्या कड्याचे जिवाणू निघाले. गाजरावर मात्र एकाचीही गाठ आली नाही. कंत्राटदाराचं कोटेशन तिथेच संपलं. आम्ही जी माती भरणार होतो तिच्यातही 'जंतू' होताच.

तिसरी गोष्ट मुलांच्या हातून झाली. कॉलेजचे बहुतेक इन्क्युबेटर सदतीसवर लावलेले असतात, कारण तिथे कायम माणसाचे जंतू वाढवतात. गाठ करणाऱ्या एका वसाहतीचा एक वाण मी मुद्दाम त्यात वाढवायला सांगितला, पुनःपुन्हा नव्या माध्यमात टाकत. जिवाणू वाढला. बेनेडिक्टचं पिवळं कडं पूर्वीसारखंच आलं. गाजर मात्र सपाट राहिलं. हॅमिल्टन आणि फॉल यांनी हे १९७१ मध्ये सी-५८ नावाच्या प्रसिद्ध वाणावर दाखवलं होतं: उष्णतेत वाढवलं की गाठ करण्याची क्षमता जाते आणि पुन्हा थंडाव्यात आणलं तरी परत येत नाही. जिवाणू मेलेला नाही, बदललेला नाही. त्याच्या आतून काहीतरी बाहेर पडलेलं आहे. आमचा प्रयोग काटेकोर पुरावा नव्हे, त्यासाठी पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणारी चाचणी, करून विशिष्ट जनुकं गेली का हे बघायला हवं होतं. पण बैठकीत दाखवायला तीन डिश पुरल्या.

बाहेर पडलेली वस्तू म्हणजे एक प्लाझ्मिड. मुख्य गुणसूत्रापासून वेगळं, डीएनएचं एक मोठं कडं, स्वतःची प्रत स्वतः काढणारं. त्याला टी-आय प्लाझ्मिड म्हणतात, गाठ घडवणारं म्हणून. १९७४ साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात जेफ शेल आणि मार्क व्हॅन माँटाग्यू यांच्या गटाने दाखवलं की गाठ करणाऱ्या वाणांत हे कडं असतं आणि न करणाऱ्यांत नसतं. सी-५८ मधलं हे कडं सुमारे २ लाख १४ हजार बेस-जोड्यांचं आहे. ते ज्या जिवाणूत असेल तो रोगकारक, नसेल तो मातीतला एक साधा रहिवासी.

पण जिवाणूच्या आतलं कडं झाडाच्या पेशीला वेडं कसं करतं? याची पहिली चाहूल १९४० च्या दशकात आर्मिन ब्राउन यांना लागली आणि तीही आपल्या सदाफुलीवर. सदाफुली उष्णता सोसते, ४६-४७ अंशांतही तग धरते, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम त्यात मरतो. ब्राउन यांनी झाडाला जंतू लावला, दोनेक दिवस थांबले आणि झाड तापवून जंतू मारून टाकला. गाठ तरीही वाढली. जंतूविरहित गाठीचा तुकडा त्यांनी बाटलीत वाढवला तर तो बाहेरून संप्रेरकं न देताही वाढतच राहिला, जे निरोगी वनस्पतिऊतीला जमत नाही. याचा अर्थ जिवाणूने पहिल्या दिवसा-दोन दिवसांत पेशीत काहीतरी टाकलं, आणि त्यानंतर जिवाणूची गरजच उरली नाही.

ते 'काहीतरी' काय, हे कळायला आणखी तीस वर्षं गेली. १९७७ मध्ये सिअ‍ॅटलला मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी तंबाखूच्या गाठीच्या पेशींतला डीएनए तपासला तेव्हा त्यात टी-आय प्लाझ्मिडचा एक छोटा हिस्सा मिळाला. अख्खं प्लाझ्मिड नव्हे, त्यातला एक ठरावीक पट्टा. त्यालाच पुढे टी-डीएनए हे नाव पडलं. जिवाणूचा डीएनए वनस्पतीच्या डीएनएत कायमचा शिवला गेलेला होता. जिवाणू आणि गुलाब यांच्यातलं नातं किती दूरचं? एकाला केंद्रकच नाही, दुसऱ्याला आहे. जीवसृष्टीत याहून लांबची सोयरीक शोधायला कष्ट पडतील.

हे घडतं कसं ते बागेच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे. छाटणी केली, कुदळ लागली, डोळा भरला, म्हणजे जखम झाली. जखमेतून झाड काही फिनॉलिक रसायनं सोडतं, त्यातलं अ‍ॅसिटोसिरिंगोन सर्वांत परिचित. ते झाडाच्या दुरुस्तीच्या कामातलं रसायन, पण टी-आय प्लाझ्मिडवरची दोन जनुकं नेमकी त्याचाच वास घेत असतात. वास लागला की प्लाझ्मिडवरची 'व्हिर' जनुकांची फौज जागी होते. टी-डीएनएच्या दोन्ही टोकांना २५ बेस-जोड्यांचे जवळजवळ सारखे खुणेचे तुकडे असतात, तिथे कात्री चालते आणि एकेरी धागा सुटतो. धाग्याच्या टोकाला व्हिर-डी-२ हे प्रथिन घट्ट चिकटतं. जिवाणूच्या आवरणातली एक नळी झाडाच्या पेशीशी जोडली जाते आणि त्यातून धागा पलीकडे जातो. पलीकडे व्हिर-ई-२ त्याच्यावर वेष्टण चढवतं आणि पेशीची स्वतःची वाहतूक यंत्रणा त्याला केंद्रकात नेऊन सोडते. तिथे झाडाची डीएनए-दुरुस्ती यंत्रणा तो तुटक्या जागी जोडून टाकते. ही नळी थंडाव्यात चांगली तयार होते, विशीच्या आसपासच्या तापमानात सर्वांत चांगली. तीस-बत्तीसच्या वर हा उद्योग मंदावतो. ठाण्यात दिवाळीनंतर छाटणी आणि मग हिवाळा, हा क्रम गाठीला सोयीचाच पडला.

टी-डीएनएवर काय लिहिलेलं असतं ते बघितलं की या वस्तूचा स्वार्थ कळतो. दोन जनुकं ऑक्झिन बनवतात, एक सायटोकायनिन बनवतं. दोन्ही वनस्पतीची वाढीची संप्रेरकं, दोन्हींचा नळ आता कायमचा उघडा. गाठ त्यातून होते. पण मुद्दा गाठ हा नाहीच. टी-डीएनएवर आणखी एखाद-दुसरं जनुक असतं जे ऑपाइन नावाचे पदार्थ बनवतं: नोपॅलीन, ऑक्टोपीन वगैरे. झाडाला त्यांचा काही उपयोग नाही. मातीतल्या बहुतेक जिवाणूंनाही ते पचत नाहीत. ते पचवण्याची जनुकं टी-आय प्लाझ्मिडच्याच उरलेल्या भागावर असतात. थोडक्यात, झाडाच्या खर्चाने फक्त आपल्याच वाहकाला खाता येईल असं खाद्य शिजवून घ्यायचं. फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांच्या गटाला साठच्या दशकात आढळलं होतं की गाठीत कुठलं ऑपाइन बनेल ते झाडाच्या जातीवर नाही, तर जिवाणूच्या वाणावर ठरतं. त्या वेळी हे कोडं वाटलं. आज वाटतं की उत्तर तेव्हाच समोर होतं, फक्त ते मानायला धीर हवा होता.

आता खताच्या खड्ड्याकडे येते, कारण माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा खरा गाभा तिथे आहे.

शेवंतीला गाठी कुठून आल्या याची सरळ शक्यता अशी: गाठीतले रोगकारक जिवाणू खड्ड्यात टिकले, खताबरोबर कुंडीत गेले. तेवढ्यानेही काम भागतं. पण खड्ड्यात आणखी एक देवाणघेवाण होऊ शकते, आणि ती सरळ शक्यतेपेक्षा वाईट आहे. टी-आय प्लाझ्मिडला एका जिवाणूतून दुसऱ्या जिवाणूत जाण्यासाठी स्वतःची वेगळी यंत्रणा आहे. झाडात टी-डीएनए पाठवणारी नळी वेगळी आणि शेजारच्या जिवाणूला अख्ख्या प्लाझ्मिडची प्रत देणारी वेगळी. एक बाहेरच्या सृष्टीत घुसण्यासाठी, एक आपल्या भाईबंदांत पसरण्यासाठी. ही दुसरी नेहमी चालू नसते. गाठीतलंच एक विशिष्ट ऑपाइन तिला जागं करतं, आणि त्याशिवाय आसपास पुरेसे प्लाझ्मिडधारी जिवाणू जमलेत का हे एका रासायनिक संदेशावरून मोजलं जातं. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की हस्तांतर सुरू. म्हणजे प्लाझ्मिड पसरायला सर्वांत चांगली जागा कुठली? ऑपाइनने भरलेली, जिवाणूंनी गजबजलेली गाठ. आणि ती गाठ तासून, बारीक करून, मातीतल्या निरुपद्रवी अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या गर्दीत नेऊन टाकली की नवीन वाहकही हजर.

ही कल्पनेची भरारी नाही. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला अ‍ॅलन कर यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं की गाठ करणारा आणि न करणारा असे दोन वाण एकाच झाडावर सोडले तर काही काळाने न करणाऱ्यातलेही काही गाठ करू लागतात. तेव्हा टी-आय प्लाझ्मिड हे नावही नव्हतं. आमच्या खड्ड्यात हे प्रत्यक्ष घडलं का ते गाजरावरून ठरत नाही. पण खड्ड्यातल्या गाठ करणाऱ्या वसाहतींत एक प्रकार दिसायला गुलाबावरच्यापेक्षा वेगळा होता, जास्त चिकट आणि पसरट, हे मुलांनी टिपलं. मला तेवढ्याने झोप लागेनाशी झाली असं नाही, पण खड्डा बंद करायचा हे ठरलं.

चांगल्या तापलेल्या कंपोस्टमध्ये, जिथे ढिगाचं पोट पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जातं, असे जिवाणू सहसा टिकत नाहीत. आमचा खड्डा म्हणजे वर्षभर पडत राहणारी सुकी पानं. तो कधी कोमटसुद्धा झालेला नाही.

स्ट्रेप्टोसायक्लिनचं काय? जे ब्राउन यांनी सदाफुलीत दाखवलं तेच त्याचं उत्तर. गाठ तयार झाल्यावर ती जिवाणूवर अवलंबून नाही. फवारा मारला, जंतू मेला, असं धरून चाललो तरी गुलाबाच्या पेशीत शिवलेला टी-डीएनए जागच्या जागी. वाढलेल्या गाठीवर औषध नाही. शिवाय प्रतिजैविक बागेत फवारायला माझा आक्षेप वेगळाही आहे: मातीतल्या जिवाणूंकडे टी-आय हे एकच प्लाझ्मिड नसतं, प्रतिकारशक्तीची जनुकं वाहणारी दुसरीही असतात, आणि ती अशाच नळ्यांतून फिरतात. मुलं ज्या पोडियमवर खेळतात तिथे त्यांना निवडून वाढवायचं कारण नाही. मोरचूद ताज्या जखमेवर लावायला ठीक, त्यापुढे नाही.

बैठकीत हे सगळं सांगितल्यावर डी विंगमधल्या एका गृहस्थांनी जो प्रश्न विचारला तो मला सर्वांत आवडला. "म्हणजे मॅडम, आपले गुलाब जीएम झाले?" जीएम म्हणजे बाहेरची जनुकं घातलेले. हो, गाठीतल्या पेशी झाल्या. कुणा कंपनीने नाही, जिवाणूने केल्या. कंपन्यांनी ही युक्ती त्याच्याकडूनच उचलली. टी-डीएनएच्या दोन खुणांमधली गाठीची जनुकं काढून तिथे आपल्याला हवं ते घालायचं, बाकी काम अ‍ॅग्रोबॅक्टेरियम करतो. १९८३ पासून वनस्पतींत जनुकं घालण्याचा हा राजमार्ग आहे. भारतात २००२ मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं बीटी कापूस याच मार्गाने तयार झालं होतं. फरक इतकाच की गुलाबाच्या गाठीतला बदल बुंध्याच्या त्या पेशींपुरता असतो, तो फुलात, बीत जात नाही.

क्वचित जातो मात्र. एखाद्या बदललेल्या पेशीपासून अख्खं झाड उगवलं तर तो पुढच्या पिढ्यांतही जातो. २०१५ मध्ये गेंट आणि पेरूमधल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या संशोधकांनी लागवडीखालच्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले. सगळ्यांत अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा टी-डीएनए सापडला, आणि त्यावरची जनुकं आजही चालू आहेत. ज्या रानटी भाईबंदांत त्यांनी तो पट्टा शोधला, त्यांत तो मिळाला नाही. मग लागवड करणाऱ्यांनी नकळत नेमकं तेच झाड उचललं असेल, असा एक तर्क आहे. हे सांगितल्यावर सभागृहात हशा पिकला, कारण बैठक महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी होती आणि निम्म्या सभासदांच्या फ्रिजमध्ये उरलेली रताळी होती. जीएम नको म्हणून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारे आपण उपवासाला नेमकं तेच खातो. साबुदाणा आणि बटाट्यासारखं रताळंही बाहेरून आलेलं, पण हा पाहुणा येतानाच आणखी एक पाहुणा पोटात घेऊन आला होता.

काकूंचा प्रश्न जास्त व्यवहारी: या गुलाबांचा गुलकंद खाल्ला तर ते आपल्या अंगात शिरेल का? नाही. पोटात गेलेला डीएनए पचतो, मग तो गुलाबाचा असो की जिवाणूचा, आणि पाकळ्यांत तर तो टी-डीएनए नाहीच. प्रयोगशाळेत मुद्दाम जुळवून आणलेल्या परिस्थितीत याच जिवाणूकडून यीस्टमध्ये, बुरशीत, अगदी बाटलीत वाढवलेल्या मानवी पेशींतही टी-डीएनए घालून दाखवला गेला आहे, हे मी त्यांना लपवलं नाही. पण ती काचेच्या भांड्यातली गोष्ट, गुलकंदाच्या बरणीतली नव्हे.

शेवटी ठरलं ते असं. गाठ असलेली गुलाबाची आणि शेवंतीची झाडं मुळांभोवतीच्या मातीसकट काढून, पिशवीत बांधून, खड्ड्यात न टाकता बाहेर दिली. माती बदलली नाही. माळीदादांना दोन सिकेटर, म्हणजे छाटणीच्या कात्र्या, घेऊन दिल्या: एक ब्लीचच्या पाण्यात बुडलेली, एक हातात, प्रत्येक झाडानंतर अदलाबदल. दिवस संपल्यावर पुसून तेल लावायचं, नाहीतर ब्लीच पातं खाऊन टाकतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिसरी मागितली, कारण दोनमध्ये पातं पुरेसं भिजत नाही, आणि ते बरोबर होतं. मोकळ्या झालेल्या वाफ्यात कर्दळ, निशिगंध आणि गवती चहा लावला. एकदलांना निसर्गात ही गाठ सहसा होत नाही. भातात या जिवाणूमार्फत जनुकं घालता येतात हे १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं खरं, पण त्यासाठी बरीच मनधरणी करावी लागते. जुन्या खड्ड्यातलं खत फक्त लॉनला आणि या एकदलांना. सेक्रेटरींना 'जंतू आहे की नाही' या रकान्याऐवजी 'गाजरावर गाठ येते की नाही' असा रकाना नोंदवहीत करायला सांगितला. त्यांनी तो केला, वर लाल शाईने.

नर्सरीवाल्याशी बोलणं राहिलं होतं. तो आधी हात झटकून मोकळा झाला, मग गाजराच्या डिश बघून खुर्ची ओढून बसला. त्याची भीती खरी होती: एका खुंटावरून डोळे भरताना तोच चाकू शेकडो रोपांना लागतो. त्याने विचारलं, यावर काही जैविक औषध नाही का? आहे, आणि त्याची कथा या प्रकरणाला इतकी लागू पडते की मी त्याला चहा संपेपर्यंत थांबवलं. कर यांनीच सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला के-८४ नावाचा निरुपद्रवी वाण शोधला. रोप लावण्याआधी मुळं त्याच्या द्रवात बुडवायची. हा वाण अ‍ॅग्रोसिन-८४ नावाचं विष सोडतो. ते विष पेशीत शिरतं ते एका ऑपाइनसाठी असलेल्या दारातून, आणि ते दार काही टी-आय प्लाझ्मिडच बसवतं. म्हणजे गाठ करणारे मरतात, बाकीचे वाचतात, कारण त्यांच्याकडे ते दारच नाही. सगळ्या प्रकारच्या टी-आयवर हे चालत नाही, आणि झालेली गाठही याने जात नाही.

पण अ‍ॅग्रोसिन बनवणारी आणि त्यापासून वाचवणारी जनुकंही एका प्लाझ्मिडवरच आहेत, आणि ते प्लाझ्मिडही फिरतं. ते रोगकारक वाणाकडे गेलं तर रोगकारकच विषाला दाद देईनासा होतो. म्हणून कर यांच्या गटाने त्या प्लाझ्मिडमधला हस्तांतराचा भाग कापून के-१०२६ हा वाण तयार केला आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यांच्या हाती आला. औषधाचा प्लाझ्मिड जागेवर बसून राहील याची तजवीज आधी करावी लागली.

नर्सरीवाल्याने एवढं ऐकून घेतलं आणि विचारलं की हे बुडवायचं द्रावण त्याला कुठून मिळेल. त्याची चौकशी तो करतो आहे. तोवर त्याच्याकडे चाकू पाच आहेत आणि ब्लीचचा एक डबा, आणि आमच्या ए विंगसाठी त्याने नव्या खुंटावरची रोपं वेगळ्या ओळीत ठेवली आहेत. ती लावण्याआधी प्रत्येक पिशवीतली एकेक चिमूट माती कॉलेजात जाणार आहे, गाजरांवर.